रस्त्याकडे तोंड केलेले कारखाने

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें तळवली, गोठिवली, घणसोली, रबाळें या गांवांतून येतात. त्यांना ठाणें–बेलापूर रस्ता कांहीं नवा नाहीं. पश्चिमेस खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर, आणि या दोहोंच्या मधून उत्तर-दक्षिण धांवणारा हा रस्ता. त्याच्या कडेनें लांबच लांब कुंपणाच्या भिंती, लोखंडी फाटकें, पत्र्याच्या छपरांच्या शेडी, एखादें उंच धुरांडें, आणि मध्येंच आकाशाचें प्रतिबिंब दाखविणारी कांचेची नवी इमारत, हें दृश्य तीं रोज पाहतात. परंतु रोज नजरेसमोर असलेली वस्तु आपण खरोखर पाहिलेली असतेच असें नाहीं. "या रस्त्यावर दहा वर्षांपूर्वीं काय होतें?" असें आम्हीं वर्गांत विचारलें, तेव्हां दोघांतिघांनींच हात वर केले. "पन्नास वर्षांपूर्वीं काय होतें?" असें विचारलें, तेव्हां एकहि हात वर आला नाहीं. वर्गांतील त्या शांततेनेंच आम्हांला हा लेख लिहावयास लाविलें.

देऊळ, चर्च, न्यायालय, राजवाडा यांच्या दर्शनी भागाचें कौतुक करण्याची आपल्याला संवय आहे. कारखान्याला मात्र आपण केवळ कामाची जागा समजतों, आणि त्याच्याकडे न पाहतांच पुढें जातों. परंतु गेल्या शतकांत अशी एक वेळ आली होती कीं, कारखान्यांनीं रस्त्याकडे तोंड केलें, अंगावर चांगला पोषाख चढविला, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलूं लागले. त्या कारखान्यांपैकीं कांहीं आज उभे आहेत, कांहीं नाहींसे झाले आहेत. ते कां उभे राहिले, कां पडले, आणि त्यांच्या गोष्टींतून आपल्या रस्त्यानें काय शिकावें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या पोषाखाविषयीं. या शैलीला आज 'आर्ट डेको' म्हणतात. १९२५ सालीं पॅरिस शहरांत शोभेच्या व उद्योगाच्या आधुनिक कलांचें एक मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. त्या प्रदर्शनाच्या लांबलचक फ्रेंच नांवांतील दोन शब्द तोडून पुढें हें नांव तयार झालें. गंमत अशी कीं, ज्यांनीं या इमारती बांधल्या, त्यांना हें नांव ठाऊकच नव्हतें. ते आपल्या कामाला नुसतें 'आधुनिक' म्हणत. आर्ट डेको हें नांव रूढ झालें तें १९६६ ते १९६८ च्या सुमारास, म्हणजे ती शैली मागें पडून बराच काळ लोटल्यावर. एखाद्याचें बारसें त्याच्या म्हातारपणीं व्हावें, तशांतलाच हा प्रकार होय.

हिचीं लक्षणें ओळखावयास कठीण नाहींत. सरळ उभ्या रेषा; पायरीपायरीनें वर चढत जाणारा माथा; टोंकदार न ठेवतां गोल वळविलेले कोपरे; खिडक्यांवर भुंवयांसारखे पुढें आलेले छज्जे; उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, कमळें, नागमोडी रेघा यांची ठसठशीत नक्षी; आणि दर्शनी भागावर मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलेलें नांव. जुन्या वाड्यांप्रमाणें हातानें घडविलेल्या दगडांवर हिचा भर नाहीं. लोखंडी सळ्यांवर ओतलेलें काँक्रीट, साच्यांतून काढलेल्या रंगीत लाद्या, पोलादी चौकटी, कांच आणि रात्रीं विजेचे दिवे, हें हिचें साहित्य. कारखान्यांत तयार झालेल्या मालानें कारखानाच सजवावा, ही कल्पना या शैलीशीं चांगलीच जुळणारी होती.

ही शैली पाहण्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. चर्चगेट स्टेशनावर उतरावें आणि ओव्हल मैदानावर उभें राहावें. पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या एकोणिसाव्या शतकांतील गॉथिक इमारती दिसतात. पश्चिमेस, १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती दिसतात. दोन शतकें मैदानाच्या दोन कडांना समोरासमोर उभीं आहेत. या दोन्ही समूहांना मिळून ३० जून २०१८ रोजीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत मरीन ड्राइव्हवरील घरांची ओळ आहे, आणि १९३३ चें रीगल व १९३८ चें इरॉस हीं चित्रपटगृहेंहि आहेत. मुंबईंतील या शैलीचीं पुष्कळ घरें गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–१९७३) या वास्तुशिल्पकारानें आंखलीं. १९३६ सालीं दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. ही कंपनी निघाली, आणि १९३७ सालीं वास्तुशिल्पकारांच्या भारतीय संस्थेनें मुंबईच्या टाउन हॉलांत 'आदर्श गृह' प्रदर्शन भरविलें. सिमेंट मुबलक, विजेची सोय नवी, आणि वर चढूं पाहणारा मध्यमवर्ग उत्सुक, अशा वेळीं ही शैली मुंबईंत रुजली. खिडकीवरील छज्जा ही लंडनमध्यें शोभा असेल. आमच्या कोंकणच्या पावसांत ती गरज ठरली.

फोर्ट विभागांतील न्यू इंडिया विमा कंपनीच्या इमारतीच्या दर्शनी भागावर शिल्पकार पानसरे यांनीं कोरलेल्या श्रमिक स्त्रीपुरुषांच्या भव्य आकृति आहेत. मुलांनीं त्या अवश्य पाहाव्या. श्रम करणारा मनुष्य हा इमारतीच्या मागच्या दारानें येणारा नसून तिच्या कपाळावर मिरविण्याच्या योग्यतेचा आहे, असें त्या इमारतीनें सांगितलें.

परंतु मुंबईंत ही शैली मुख्यतः घरें, चित्रपटगृहें व कचेऱ्या यांनीं अंगीकारिली. कारखान्यांनीं ती जेथें सर्वांत ठळकपणें अंगीकारिली, तो रस्ता लंडनच्या पश्चिमेस आहे. त्याचें नांव 'ग्रेट वेस्ट रोड'. लंडनहून पश्चिमेकडे जाणारी जुनी वाट ब्रेंटफर्ड गांवाच्या अरुंद बाजारपेठेंतून जात असे, आणि तेथें वाहनांची फार कोंडी होई. ती टाळण्यासाठीं गांवाबाहेरून हा नवा रुंद रस्ता काढण्यांत आला, आणि १९२५ सालीं राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्तें तो खुला झाला. पॅरिसचें प्रदर्शन आणि लंडनचा हा रस्ता हीं दोन्ही एकाच वर्षाचीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

रस्ता होतांच त्याच्या दुतर्फा कारखाने कां आले? याचीं कारणें तीन. पहिलें कारण वीज. जुना कारखाना वाफेवर चाले. त्याला कोळसा लागे, म्हणून तो रेल्वे किंवा कालवा यांना चिकटून बसे. वीज तारेनें कोठेंहि जाऊं शकते, त्यामुळें कारखान्याला मोकळ्या शेतांत जातां आलें. दुसरें कारण मोटार. माल लॉरीनें नेतां येऊं लागल्यावर रुंद रस्ता हाच रेल्वेच्या जागीं आला. तिसरें कारण जकात. बाहेरून येणाऱ्या कांहीं मालावर ब्रिटिश सरकारनें जकात बसविली, तेव्हां अमेरिकन कंपन्यांना आपला माल इंग्लंडांतच तयार करणें फायद्याचें वाटूं लागलें. त्यांनीं जागा शोधली, आणि ती त्यांना या रस्त्यावर मिळाली.

आणि एकदां रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षांत आलें कीं, समोरून दररोज हजारों मोटारी जातात, आणि त्यांत बसलेला प्रत्येक मनुष्य आपलें गिऱ्हाईक होऊं शकतो. वर्तमानपत्रांतील जाहिरात दुसऱ्या दिवशीं रद्दींत जाते. इमारत मात्र वर्षानुवर्षें उभी राहते. टॉमस वॉलिस हा वास्तुशिल्पकार या विचाराचा मोठा पुरस्कर्ता होता. वॉलिस, गिल्बर्ट आणि मंडळी या त्याच्या संस्थेनें या रस्त्यावरील व आसपासचे अनेक नामांकित कारखाने आंखले. दर्शनी भागावर केलेला थोडा जास्त खर्च वायां जात नाहीं. तो मालाची जाहिरात करतो आणि कामगाराच्या मनालाहि उल्हास देतो, असें त्याचें मत होतें.

आतां त्या रस्त्यानें मनानेंच एक फेरी मारूं. १९२८ सालीं येथें फायरस्टोन कंपनीचा मोटारीच्या टायरांचा कारखाना उभा राहिला. लांबलचक पांढरा दर्शनी भाग, त्यावर ओळीनें उभे खांब, आणि खांबांच्या माथ्यावर मिसर देशाच्या धर्तीची रंगीत नक्षी. टायर आणि मिसर देश यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध एवढाच कीं, १९२२ सालीं हॉवर्ड कार्टरनें तूतनखामेन राजाचें थडगें शोधून काढलें होतें, आणि साऱ्या युरोपला त्या प्राचीन देशाचें वेड लागलें होतें. त्याच रस्त्यावर आग विझविण्याचीं उपकरणें करणारा पायरीन कंपनीचा कारखाना १९३० च्या सुमारास झाला, आणि पावडर वगैरे सौंदर्यप्रसाधनें करणारा कोटी कंपनीचा कारखाना १९३२ सालीं झाला. १९३७ सालीं दाढीचीं पातीं करणाऱ्या जिलेट कंपनीचा विटांचा प्रचंड कारखाना सुरू झाला. त्याचा घड्याळाचा मनोरा दुरून दिसतो. तो आंखणारे सर बॅनिस्टर फ्लेचर हे वास्तुकलेच्या इतिहासावरील सुप्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. आमच्या इकडील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनींहि तो ग्रंथ पिढ्यान् पिढ्या वाचला आहे. रस्त्याच्या या भागाला लोक कौतुकानें 'सोन्याचा मैल' म्हणूं लागले. तेथून कांहीं मैलांवर, वेस्टर्न ॲव्हेन्यू नांवाच्या दुसऱ्या रस्त्यावर, विजेनें धूळ ओढणारीं यंत्रें करणाऱ्या हूवर कंपनीचा पांढराशुभ्र कारखाना १९३३ सालीं सुरू झाला. रात्रीं त्याच्यावर दिव्यांचा झोत पडला म्हणजे जाणारे येणारे गाडीचा वेग कमी करीत.

येथें एक शंका येईल, आणि ती येणें योग्यहि आहे. हा सारा डामडौल पुढच्या भागापुरताच ना? मागें काय होतें? खरें सांगावयाचें तर दर्शनी भागांत बहुधा कचेऱ्या असत, आणि त्याच्या मागें साध्या शेडी. म्हणून कित्येक जाणकारांनीं या इमारतींना नाकें मुरडलीं. १९५१ सालीं निकोलाउस पेव्ह्सनर या मोठ्या कलेतिहासकारानें हूवरच्या इमारतीविषयीं फार कडक शब्द वापरले होते. परंतु मागच्या शेडीहि अगदींच टाकाऊ नव्हत्या. पूर्वींच्या अंधाऱ्या, कोंदट गिरण्यांच्या मानानें तेथें उजेड व हवा भरपूर असे. त्या उजेडाची युक्ति समजून घेण्याजोगी आहे, कारण तीच युक्ति आमच्या रस्त्यावरील जुन्या शेडींतहि दिसते.

शेडीचें छप्पर बाजूनें पाहिल्यास करवतीच्या दांत्यांसारखें दिसतें. प्रत्येक दांत्याची एक बाजू उतरती व बंद असते. दुसरी जवळजवळ उभी असते आणि तिला कांच लावलेली असते. ही कांचेची बाजू उत्तरेकडे ठेवतात. आपण पृथ्वीच्या उत्तर गोलार्धांत राहतों. सूर्य वर्षाचा बहुतेक काळ आपल्या दक्षिणेकडून जातो. त्यामुळें उत्तरेच्या कांचेंतून ऊन आंत येत नाहीं, नुसता आकाशाचा शांत उजेड येतो. यंत्रावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप पडत नाहीं, आणि हाताची सांवली कामावर पडत नाहीं. लंडनमध्यें दुपारचा सूर्य कधींच डोक्यावरून उत्तरेस जात नाहीं. आमचें तसें नाहीं. मुंबई व तळवली हीं सुमारें १९ अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या मध्याला सूर्य आमच्या माथ्यावर येतो, मग तो उत्तरेकडे सरकतो, आणि जुलै अखेरीस पुन्हा माथ्यावर येऊन दक्षिणेस जातो. म्हणजे सुमारें अडीच महिने उत्तरेच्या कांचेंतूनहि आमच्याकडे ऊन येऊं शकतें. पण यांतील बहुतेक दिवस पावसाळ्याचे, आणि आकाश ढगांनीं भरलेलें! त्यामुळें विलायतेची युक्ति येथेंहि निभावून गेली. भूगोलाच्या तासाला शिकलेले अक्षांश कारखान्याच्या छपरावर असे उपयोगीं पडतात.

आतां दुःखाचा भाग. १९७९ सालीं फायरस्टोनचा कारखाना बंद होणार असें जाहीर झालें, आणि पुढील वर्षीं जागा नव्या मालकाच्या हातीं गेली. इमारत रक्षणीय ठरवावी असा प्रयत्न चालला होता, आणि सरकारी कागद तयार होत होते. इतक्यांत १९८० च्या ऑगस्टमधील सुटी आली. शनिवार, रविवार आणि सोमवार कचेऱ्या बंद. त्या सुटींतच यंत्रें आणून दर्शनी भाग पाडण्यांत आला. कचेऱ्या उघडल्या तेव्हां रक्षण करण्याजोगें फारसें उरलें नव्हतें. बावन्न वर्षें उभें असलेलें तोंड एका सुटींत नाहींसें झालें. आज तेथें रस्त्याच्या कडेचें फाटक, कठडे आणि दिव्यांचे खांब एवढेंच शिल्लक आहे.

परंतु या घटनेचा दुसराहि परिणाम झाला. लोकांत हळहळ पसरली, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळांतील दीडशेंच्या सुमारास इमारतींना सरकारनें लवकरच संरक्षण दिलें. त्यांत हूवरची इमारतहि होती. १९८२ सालीं तेथील उत्पादन बंद पडलें. १९९२ सालीं मागील भागांत मोठें किराणा भांडार निघालें. आणि २०१८ च्या सुमारास पुढील इमारतींत राहण्याचीं घरें झालीं. काम गेलें, तरी इमारत राहिली. पायरीन व कोटी यांच्या इमारती आजहि उभ्या आहेत. जिलेटचें काम २००६ सालीं थांबलें, पण त्याचा मनोरा अजून तेथें आहे. मॅक्लीन्सचा दांत घांसण्याच्या पेस्टचा कारखाना आणि ट्रायकोचा मोटारीच्या कांचा पुसणाऱ्या दांड्यांचा कारखाना मात्र जमीनदोस्त झाले. म्हणजे एकाच रस्त्यावर तीन प्रकारचें नशीब पाहावयास मिळतें: कांहीं इमारती गेल्या, कांहीं दुसऱ्या कामाला लागल्या, आणि एकीचें केवळ फाटक राहिलें.

मुंबईलाहि हें नशीब परिचित आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या थंडावल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागीं आज दुकानांचा भव्य बाजार आहे, आणि मध्यें गिरणीचें धुरांडें अजून उभें आहे. त्याखालून जाणाऱ्या किती मुलांना तें धुरांडें कशाचें हें सांगतां येईल? पार्ले येथील १९२९ सालचा बिस्किटांचा कारखाना २०१६ सालीं बंद झाला. त्याच्या भाजलेल्या बिस्किटांचा वास स्टेशनापर्यंत येत असे, ही आठवण तेथल्या रहिवाशांच्या तोंडून आजहि ऐकूं येते. वासाला कोणी संरक्षण देऊं शकत नाहीं. पण त्याची आठवण तरी लिहून ठेवतां येते.

आतां आपण आपल्या रस्त्यावर येऊं. येथें आर्ट डेको शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल, आणि त्याचें कारण सोपें आहे. ती शैली १९३० ते १९५० च्या दरम्यानची. आमचा औद्योगिक पट्टा त्यानंतरचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजीं झाली, आणि ठाणें खाडीपलीकडील हें क्षेत्र त्याच्या आरंभींच्या मोठ्या कामांपैकीं होय. १९६१ सालीं स्थापन झालेल्या नोसिल कंपनीचा पेट्रोरसायनांचा प्रचंड प्रकल्प १९६८ सालीं या रस्त्यावर सुरू झाला. नॅफ्था तापवून, फोडून, त्यापासून प्लॅस्टिक व इतर रसायनें यांचा कच्चा माल काढणारे देशांतील जे पहिले मोठे प्रकल्प, त्यांत त्याची गणना होई. पुढें १९७० सालीं सिडको निघाली, १९७३ सालीं वाशीचा पूल खुला झाला, आणि २००४ सालीं ठाण्याहून वाशीकडे लोकल धांवूं लागली. याच सुमारास, म्हणजे या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत, नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प बंद पडला. रबराला लागणाऱ्या रसायनांचा त्याचा विभाग मात्र चालू राहिला. आज ऐरोलीस आणि घणसोलीस संगणकाच्या व इतर कचेऱ्यांचीं कांचेचीं संकुलें उभीं आहेत. पूर्वीं पाळीचा भोंगा होई, तेव्हां खाकी कपड्यांतील कामगार फाटकाबाहेर पडत; आतां गळ्यांत ओळखपत्र घातलेले तरुण बाहेर पडतात.

आमच्या कारखान्यांनीं रस्त्याकडे तोंड केलें नाहीं, त्यांनीं भिंत केली. रसायनांच्या कारखान्यांत सुरक्षिततेसाठीं तें आवश्यकहि होतें. शिवाय तो काळ काटकसरीचा होता. बाजारांत माल कमी आणि मागणी फार. मग रस्त्यानें जाणाऱ्याला भुलविण्याचें प्रयोजन काय? तरीहि नीट पाहिल्यास या भिंतींमागें त्या काळाची खूण सांपडते: काँक्रीटच्या जाळ्या, ऊन अडविणाऱ्या उभ्या पट्ट्या, करवती छपरें, छत्रीसारखी पाण्याची टाकी, फाटकाजवळची पहारेकऱ्याची लहानशी चौकी. हीं पॅरिसचीं कमळें नव्हेत. पण १९६० नंतरच्या महाराष्ट्रानें आपल्या हातानें लिहिलेलीं हीं अक्षरें आहेत, आणि तीं एकेक करून पुसलीं जात आहेत.

येथें आम्हांला एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ग्रेट वेस्ट रोडवरील कारखान्यांविषयीं हळहळतांना, ते उभे राहण्यापूर्वीं तेथें फळबागा व शेतमळे होते, हें लोक विसरतात. आम्हीहि तीच चूक करूं नये. तळवलीच्या रस्त्यावर कारखाने येण्यापूर्वीं येथें भाताचीं खाचरें होतीं, खाडीच्या बाजूस मिठागरें होतीं, आणि आगरी व कोळी लोकांचीं घरें होतीं. त्या जमिनी आधीं कारखान्यांसाठीं व मागाहून शहरासाठीं गेल्या. नव्या शहरासाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी लढले. १९८४ सालच्या जानेवारींत उरण तालुक्यांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्याचें फळ म्हणून पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. म्हणून आमच्या रस्त्यावर एकावर एक असे तीन थर आहेत: खालीं शेत, त्यावर कारखाना, त्यावर कांचेची कचेरी. मधल्या थराविषयीं बोलतांना खालच्या थराला विसरणें हा अन्याय होईल. आणि आज वरचा थर नवा म्हणून तो कायमचाच आहे असें समजणें हा भोळेपणा होईल.

मग आपण करावयाचें काय? प्रत्येक जुनी शेड जपून ठेवावी, असें आमचें म्हणणें नाहीं. जागा थोडी आहे, माणसें पुष्कळ आहेत, आणि कामहि हवें आहे. परंतु फायरस्टोनच्या गोष्टीचा धडा असा कीं, यादी वेळेवर झाली नाहीं तर निवड करण्याचीहि संधि उरत नाहीं. काय ठेवावें व काय जाऊं द्यावें हें ठरविण्यापूर्वीं, काय आहे हें तरी लिहिलेलें असावें. हें काम शाळेच्या मुलांना करतां येण्याजोगें आहे. त्यासाठीं फाटकाच्या आंत जाण्याची गरज नाहीं. भिंतीवर चढण्याची तर मुळींच नाहीं. पदपथावर उभें राहून, कोणा वडील माणसाला बरोबर घेऊन, रहदारी सांभाळून, कारखान्याचें नांव, त्याच्या छपराचा आकार, भिंतीचें साहित्य, फाटकाची धाटणी आणि पाहिल्याची तारीख एवढें वहींत टिपावें. एक साधें चित्र काढावें. दर वर्षीं त्याच दिवशीं तेथेंच जाऊन पुन्हा टिपावें. पांच वर्षांत त्या वहीला अशी किंमत येईल कीं, ती कोठल्याहि दुकानांत विकत मिळणार नाहीं.

दुसरें काम घरांतच करावयाचें आहे, आणि तें आम्ही विशेषतः पालकांच्या हवालीं करितों. ज्या घरांत आजोबा किंवा वडील या रस्त्यावर कामास होते, त्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास तरी मुलांना जवळ बसवावें. पहिल्या दिवशीं ते कामावर कसे गेले? पाळी किती वाजतां सुरू होई? कँटीनमध्यें काय मिळे? कोणत्या यंत्रावर ते होते, आणि त्या यंत्राचा आवाज कसा येई? कारखाना बंद झाला त्या दिवशीं फाटकावर काय घडलें, आणि घरीं येऊन त्यांनीं काय सांगितलें? ज्या घरांत आजी भातलावणीला जात असे, त्या घरांत तिला विचारावें कीं, तिचें शेत आजच्या कोणत्या भिंतीच्या आंत आहे. तिनें बोट दाखविलें म्हणजे मुलानें तेथें जाऊन उभें राहावें. इतिहासाच्या पुस्तकांत ही जागा सांपडणार नाहीं.

आम्हीं वर्गांत विचारलेला प्रश्न पुढील वर्षीं पुन्हा विचारणार आहों. "पन्नास वर्षांपूर्वीं या रस्त्यावर काय होतें?" त्या वेळीं जे हात वर येतील, त्यांच्या उत्तरांसाठीं या वार्षिकांत आम्हीं चार पानें आतांपासूनच राखून ठेविलीं आहेत.